परदेशात जाणाऱ्याची जोखीम कोण उचलतं? मावंद्यापासून ट्रॅव्हल इन्शुरन्सपर्यंत



सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट मोबाईलवर काढताना शेवटी एक चौकट येते, ती तुम्ही बघितली असेलच. प्रवास विमा हवा आहे का, हो की नाही? एक रुपयासुद्धा पूर्ण लागत नाही, आणि अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना दहा लाखांपर्यंत रक्कम. रेल्वेने ही सोय सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू केली. सोलापूर ते मुंबई एका रात्रीचा प्रवास, त्यावर आपण फारसा विचार न करता टिक मारतो आणि मोकळे होतो.

पण तीच गाडी पकडून पुढे मुंबईच्या विमानतळावरून बँकॉक, दुबई नाहीतर फ्रँकफर्टला जायचं असेल, की मग मात्र आपण हिशोब करायला बसतो. ट्रॅव्हल इन्शुरन्स? कशाला? आठ दिवसांत काय होणार आहे? मागच्या वेळी घेतला होता, काही उपयोग झाला नाही, पैसे वाया गेले. मित्रांच्या ग्रुपवर हा वाद ठरलेला असतो. अर्धे म्हणतात घ्या, अर्धे म्हणतात कंपन्या काही देत नाहीत.

आजच्या भागात याचं उत्तर शोधायला आपण इतिहासात जाणार आहोत. कारण पॉलिसी नव्हती तेव्हाही लोक दूर जातच होते. आजारी पडत होते, लुटले जात होते, काही परत येत नव्हते. मग त्यांची जोखीम कोण उचलत होतं?

मावंदं आणि जोखमी हुंडी

मराठीत एक छान शब्द आहे, मावंदं. काशीयात्रा करून माणूस घरी आला की गावजेवण घालायचं, त्याला मावंदं म्हणतात. आजी-आजोबांना विचारा, त्यांना माहीत असेल. आता जरा विचार करा, यात्रेहून परत येण्याचं गावजेवण का? कारण परत येणं गृहीत नव्हतं. रस्त्यात पटकी, ताप, चोर, नद्यांचे पूर. काशीला निघालेला माणूस घरच्यांचा निरोप घेताना शेवटचाच निरोप घेत असे. तो जिवंत आला, गंगेचं पाणी घेऊन आला, म्हणजे मोठीच गोष्ट झाली.

त्या काळात यात्रेकरूचा विमा म्हणजे सोबत. एकट्याने जायचं नाही, टोळीने जायचं. वाटेत धर्मशाळा, अन्नछत्रं, ओळखीच्या घराण्यांना दिलेली पत्रं. पैसे रोख न्यायचे नाहीत, सावकाराची हुंडी न्यायची. म्हणजे चोराने गाठलं तरी सगळी पुंजी जाणार नाही.

व्यापारी लोक तर याच्याही पुढे गेले होते. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापारात 'जोखमी हुंडी' नावाचा प्रकार चालायचा. व्यापारी गलबतावर माल चढवायचा आणि त्या मालावर हुंडी काढायचा. ती विकत घेणारा सावकार पैसे आधीच देऊन टाकायचा. माल सुखरूप पोचला तर त्याला हुंडीचे पैसे परत मिळणार. गलबत बुडालं तर पैसेही बुडाले! म्हणजे समुद्राची जोखीम व्यापाऱ्याकडून सावकाराकडे गेली, आणि त्याबद्दल सावकाराने आपला मोबदला घेतला. विम्याची मूळ कल्पना एवढीच आहे.

आणि आपला 'विमा' हा शब्दही जुनाच, फारसीतल्या 'बीमा'वरून आलेला. फारसीत 'बीम' म्हणजे भीती. भीती दुसऱ्याच्या हवाली करायची, त्याबद्दल थोडे पैसे मोजायचे.

पण गंमत बघा. हुंडीने मालाची जोखीम उचलली. माणसाची नाही.

एक बाई, एक पत्र, एक बंदर

आता १८८३ मध्ये येऊ. त्या वर्षी ७ एप्रिलला आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. वय १८. नवरा सोबत नाही. डॉक्टर व्हायचं होतं. समुद्र ओलांडणं हाच तेव्हा अपराध मानला जायचा. त्यात बाई, त्यात एकटी.

अमेरिकेत त्यांची जोखीम उचलली एका बाईने. थिओडिशिया कार्पेंटर, राहणार रोझेल, न्यू जर्सी. गोपाळराव जोशींचा पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापून आला होता. तो वाचून कार्पेंटरबाईंनी स्वतःहून पत्र लिहिलं, मग पत्रं सुरू झाली, आणि जून १८८३ मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा कार्पेंटरबाई बंदरावर हजर होत्या. राहायला घर दिलं, मायेने सांभाळलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या.

११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. पण तब्येत पार ढासळली होती. क्षयाने गाठलं होतं. त्या वर्षाच्या अखेरीस त्या भारतात परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आजही आहेत.

म्हणजे आनंदीबाईंची पॉलिसी म्हणजे एक माणूस. नशीब चांगलं, म्हणून भेटला. नसता भेटला तर? त्या मासिकाचा तो अंक कार्पेंटरबाईंच्या हाती पडलाच नसता तर? माणुसकीवर भरवसा ठेवता येतो, पण ती आधी ठरवून विकत घेता येत नाही.

आपला डॉक्टर

आता सोलापूर. भैय्या चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक आहे. रोज त्या बाजूने हजारो गाड्या जातात. आत किती जण गेलेत, हे ज्याचं त्याने स्वतःला विचारावं.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस, जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले. जपानने चीनवर हल्ला केला होता. चिनी सेनापती झू दे यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. त्यांनी देशाला आवाहन केलं, २२ हजार रुपयांचा निधी जमला, एक रुग्णवाहिका मिळाली आणि पाच डॉक्टर निघाले: अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी. १ सप्टेंबर १९३८ ला बोट मुंबईहून सुटली. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे. आज हा भाग ऐकणाऱ्या बऱ्याच जणांचं वय तेच असेल.

चीनमध्ये जाऊन काही महिने झाले नाहीत तोच सोलापूरहून बातमी आली, वडील गेले. परत जा, असं सोबतच्यांनी सुचवलं. कोटणीस गेले नाहीत. पुढे १९३९ मध्ये ते येनानला पोचले, मग आघाडीवर. बाकीचे चौघे पुढेमागे भारतात परतले. कोटणीस राहिले. बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. हे रुग्णालय ज्या कॅनेडियन डॉक्टरच्या नावाचं, तो नॉर्मन बेथून स्वतः शस्त्रक्रिया करताना बोट कापून, रक्तात विष पसरून १९३९ मध्ये गेला होता. परदेशात मदतीला गेलेला, तोही परत गेला नाही.

१९४१ मध्ये कोटणीसांनी परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. कोटणीसांना फिट्सचा त्रास सुरू झाला होता. ९ डिसेंबर १९४२ ला त्यातच ते गेले. वय ३२. मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा.

ते सोलापूरला परत आले नाहीत. त्यांची समाधी चीनमध्ये, शीज्याच्वांग शहरात आहे. पुढे व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा सिनेमा १९४६ मध्ये काढला. चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांना भेटायचे, ही पद्धत अनेक वर्षं चालली. कोटणीसांची जोखीम आधी एका चळवळीने उचलली होती आणि नंतर एका देशाने. बाकी सगळा भार सोलापुरातल्या घराने सोसला.

भावनेच्या जागी करार

याच काळात जगात दुसरीकडे एक वेगळी गोष्ट रुजली होती. इंग्लंडमध्ये रेल्वे आली तसे अपघातही आले. १८४९ मध्ये लंडनच्या एका कंपनीने रेल्वेच्या तिकिटाबरोबर अपघात विमा विकायला सुरुवात केली. जेम्स बॅटरसन नावाच्या एका अमेरिकन माणसाने इंग्लंडच्या प्रवासात हे बघितलं आणि १८६४ मध्ये हार्टफर्ड गावात 'ट्रॅव्हलर्स' नावाची कंपनी उभी केली. तिच्या पहिल्या ग्राहकाची गोष्ट मजेदार आहे. जेम्स बोल्टर नावाच्या बँकवाल्याने घरी जायच्या प्रवासाचा विमा उतरवला. हप्ता किती? दोन सेंट. म्हणजे आपल्या सिद्धेश्वरच्या टिकचा हा पणजोबाच म्हणायचा.

भारतात परदेश प्रवासाचा आजारपणाचा विमा यायला आणखी बराच काळ गेला. सरकारी विमा कंपन्यांनी १९८४ मध्ये 'ओव्हरसीज मेडिक्लेम' आणला. तेव्हा परकीय चलनाची टंचाई होती. तुमच्याकडे रुपये असले तरी वाट्टेल तेवढे डॉलर बाहेर नेता येत नव्हते. मग अमेरिकेत अपेंडिक्स दुखलं तर तिथलं बिल भरायचं कशातून? हप्ता इथे रुपयांत, बिलाचे पैसे तिथे डॉलरमध्ये, ही त्या पॉलिसीची मूळ गरज होती. पासपोर्ट हरवणं, बॅग न येणं वगैरे गोष्टी नंतर जोडल्या गेल्या.

हे लक्षात ठेवा. ट्रॅव्हल इन्शुरन्सचा जन्म बॅगेसाठी झालेला नाही. बिलासाठी झाला आहे.

कोटणीसांना आजची पॉलिसी असती तर?

आता एक प्रयोग करू. समजा १९३८ मध्ये आजच्यासारखी पॉलिसी असती आणि कोटणीसांनी ती घेतली असती. काय मिळालं असतं?

वडील गेले. आजच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला तर प्रवास अर्ध्यावर सोडून परत येण्याचा खर्च मिळतो. कोटणीस परतलेच नाहीत, तो प्रश्नच मिटला.

आघाडीवर जखम झाली असती तर? नाही. युद्ध हे जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत वगळलेलं असतं. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा महाराष्ट्रातले वैद्यकीय विद्यार्थीही तिथे अडकले होते. त्यांना 'ऑपरेशन गंगा'च्या विमानांनी आणलं. ते सरकारने केलं, विमा कंपन्यांनी नाही.

फिट्स? पॉलिसी घेण्याआधीपासून आजार असता आणि अर्जात सांगितला नसता, तर दावा फेटाळला गेला असता. चार वर्षांचा मुक्काम? साधी सहलीची पॉलिसी ठरावीक दिवसांची असते. पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च? तो पॉलिसीत असतो, पण मृत्यूचं कारणच वगळलेलं असेल तर तोही हातचा जातो.

म्हणजे सोलापूरच्या सगळ्यात प्रसिद्ध परदेश प्रवाशाला पॉलिसीने जवळजवळ काहीच दिलं नसतं!

'बघा, आम्ही म्हणत होतो ना, कंपन्या काही देत नाहीत,' असं कुणी म्हणेल. थांबा. कोटणीस युद्धात गेले होते. तुम्ही फुकेतला चाललाय. पॉलिसी असामान्य माणसासाठी लिहिलेली नसते. ती साध्या माणसाच्या साध्या दुर्दैवासाठी असते: पाय घसरून हाड मोडणं, अचानक छातीत दुखणं, अन्नातून विषबाधा, रस्त्यावरचा अपघात. तिथे ती चालते. आणि ती करार आहे, कार्पेंटरबाई नाही. कागदावर जे आहे ते मिळणार, जे नाही ते रडून मिळणार नाही.

मग घ्यायचा की नाही?

आधी खरं बोलू. कंपन्या नफ्यासाठी विमा विकतात, त्यामुळे सगळ्या ग्राहकांनी मिळून भरलेल्या हप्त्यांपेक्षा दाव्यांत परत येणारे पैसे कमीच असणार. सरासरीचा विचार केला तर ग्राहकाचा तोटाच. म्हणून 'पैसे वसूल होतील का' हा प्रश्नच चुकीचा आहे. योग्य प्रश्न असा: सगळ्यात वाईट बिल आलं, तर ते भरायला घरातलं काय विकावं लागेल?

बॅग हरवली, तर काय विकावं लागेल? काही नाही. चार कपडे आणि शेंगांची चटणी गेली. शिवाय सामान हरवल्याची भरपाई विमान कंपनीलाही द्यावी लागते. विमानतळ सोडण्याआधी त्यांच्या काउंटरवर लेखी तक्रार करा, म्हणजे झालं. नुसत्या बॅगेसाठी महागडी पॉलिसी घेऊ नका.

पण अमेरिकेत तीन दिवस आयसीयूत राहावं लागलं, तर? तिथे तातडीचे उपचार नाकारत नाहीत, पण बिल मागून येतंच, आणि ते रुपयांत मोजलं की जुळे सोलापुरातला प्लॉट आठवतो. आपला नेहमीचा मेडिक्लेम बहुतेक वेळा भारताबाहेर चालत नाही. आयुष्मान कार्ड तर नाहीच. मग ही जोखीम जाते कुठे? आई-बाबांच्या एफडीवर, बहिणीच्या दागिन्यांवर, मित्रांकडे फिरवलेल्या क्राउड फंडिंगच्या लिंकवर. पॉलिसी घेतली नाही म्हणून जोखीम नाहीशी होत नाही. ती घरच्यांच्या डोक्यावर बसते, आणि त्यांना कुणी विचारलेलंही नसतं.

म्हणून माझं मत सांगतो. वैद्यकीय खर्च आणि परत आणण्याचा खर्च, या दोन गोष्टींसाठी विमा घ्यावा. अमेरिकेला जाताना घ्यावाच. युरोपात शेंगेन व्हिसासाठी तर तो सक्तीचाच आहे, किमान ३० हजार युरोंचं संरक्षण, आणि त्यात मायदेशी परत आणण्याचा खर्चही धरलेला हवा.

आता घेताना काय बघायचं?

आई-बाबा नातवंडासाठी अमेरिकेला जाणार असतील तर बीपी-शुगर लपवू नका. हप्ता वाढेल, वाढू दे. वयानुसार प्रत्येक उपचारावर वेगळी मर्यादा आहे का, ते वाचा. कव्हर मोठं दिसतं, पण आत शस्त्रक्रियेला एवढेच, खोलीला एवढेच, असं लिहिलेलं असतं.

थायलंडला किंवा बालीला जाऊन स्कूटर भाड्याने घेणार असाल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा आणि ते दुचाकीलाही लागू आहे ना, ते बघा. वैध परवान्याशिवाय किंवा दारू पिऊन अपघात झाला तर दावा गेलाच समजा. स्कूबा, पॅराग्लायडिंग करायचं असेल तर ते पॉलिसीत आहे का बघा.

क्रेडिट कार्डावर फुकट विमा आहे म्हणून निवांत राहू नका. तो कशाचा आहे आणि कुठल्या अटीवर लागू होतो, ते आधी विचारा. आणि पॉलिसी घर सोडण्याआधी घ्या. एकदा परदेशात पोचल्यावर बऱ्याच कंपन्या ती देत नाहीत.

ज्यांना विचारतच नाहीत

एक शेवटची गोष्ट, कारण परदेशी जाणारे सगळेच फिरायला जात नाहीत. आखाती देशांत मजुरीला, ड्रायव्हरकीला जाणाऱ्यांपैकी ज्यांच्या पासपोर्टला इमिग्रेशनची परवानगी लागते, त्यांच्यासाठी सरकारची 'प्रवासी भारतीय बिमा योजना' आहे. २००३ पासून ती सक्तीची आहे. २०१७ च्या बदलांनंतर हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख रुपये. पण अडचण अशी की अनेकांना आपला असा विमा आहे हेच माहीत नसतं. एजंट कागद करतो, माणूस विमानात बसतो, पॉलिसी घरी कुणी बघितलेली नसते. तुमच्या गल्लीतून कुणी दुबई, मस्कतला जाणार असेल तर ती पॉलिसी मोबाईलवर उघडून त्याच्या बायकोला, आईला नीट समजावून सांगा. अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी दूतावासाकडे २००९ पासून एक कल्याण निधीही आहे. पार्थिव आणण्यासाठीही त्यातून मदत होऊ शकते. पण ती गरज बघून दिली जाते, हक्क म्हणून नाही.

तुम्हीही निघण्याआधी एवढं करा. पॉलिसीची पीडीएफ आणि कंपनीचा चोवीस तासांचा मदत नंबर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. दवाखान्यात जावं लागलं तर शक्य तितक्या लवकर त्या नंबरवर फोन करायचा, हे बरोबरच्या मित्रालाही सांगून ठेवा. कारण ज्या दिवशी पॉलिसी लागते, त्या दिवशी बहुधा आपण स्वतः फोन करण्याच्या अवस्थेत नसतो.

आणि येत्या रविवारी वेळ मिळाला तर भैय्या चौकाकडे जाऊन या. कोटणीसांचं स्मारक बघा.  हा भाग परदेशी निघालेल्या एखाद्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात.